तुराटीने जे साधले नाही

गेले काही आठवडे आमच्या भागात मोबाइलवरून एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: एडीएचडी (लक्ष न टिकणे, चंचलपणा, उतावीळपणा यांचा विकार) हे मोबाइलने बिघडलेल्या शहरी पोरांचे खूळ आहे, शेतात राबणाऱ्या मोठ्या माणसाला ते होत नाही, लहानपणी बापाने दोन ठेवून दिल्या असत्या तर ही वेळच आली नसती, त्यावरच्या गोळ्या म्हणजे नशा आहे, आणि आता निघालेली नवी थेरपी ‘तू आहेस तसाच छान’ म्हणत आळशाचे लाड करते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमध्ये समुपदेशनाचे काम करते. हा संदेश मला एका आईने दाखवला, आणि त्यावर विश्वास ठेवून तिने आपल्या ३६ वर्षांच्या मुलाला चालू असलेल्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

मोबाइलचा मुद्दा लवकर निकालात निघतो. लक्ष कुठेच न ठरणाऱ्या माणसांचे वर्णन अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ मध्ये केले होते, आणि लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली ती १९०२ मध्ये. तेव्हा आपल्या गावांत वीजही आलेली नव्हती. मोबाइलमुळे अशा माणसाची ओढाताण वाढते हे खरे, पण दुखण्याचे मूळ तिथे नाही. ते बव्हंशी आनुवंशिक आहे.

मोठ्यांना हे होत नाही, हे म्हणणेही टिकत नाही. निदानाच्या प्रचलित अमेरिकी निकषांत २०१३ पासून प्रौढांचा स्पष्ट विचार केलेला आहे: लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, आणि मुलांत किमान सहा लागतात तिथे मोठ्यांत पाच पुरेशी मानावीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात, बालपणापासून त्रास असलेल्या प्रौढांचे प्रमाण शंभरात अडीचच्या आसपास निघाले. ते लावले तर दोन हजार प्रौढांच्या गावात पन्नासेक माणसे होतात. मग ती दिसत का नाहीत? याचे उत्तर शेतीतच आहे. डवरणी, फवारणी, वेचणी ही अंगमेहनतीची आणि तातडीची कामे असा माणूस झपाट्याने करतो, कित्येकदा इतरांपेक्षा सरस करतो. तो अडतो ते कागदांपाशी, तारखांपाशी. मी ज्या भाऊंबद्दल, म्हणजे त्या आईच्या मुलाबद्दल, लिहीत आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), त्यांचे शेत जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत खरडून गेले. पीकविम्यासाठी ७२ तासांच्या आत नुकसान कळवायचे होते. भाऊंना नियम पाठ होता, मोबाइल हातात होता, आणि त्या तीन दिवसांत त्यांनी शेजाऱ्याचा बांध बांधून दिला, बैल शोधून आणले, पडलेली भिंत उभी केली. कळवणे तेवढे राहिले. याला आळस म्हणता येत नाही. बायांच्या बाबतीत तर हे आणखी झाकले जाते, कारण दूध उतू घालवणाऱ्या सुनेला वेंधळी म्हटले की विषय संपतो.

आता ‘दोन ठेवून दिल्या असत्या तर’ याविषयी. या वाक्याचा मला सर्वाधिक त्रास होतो, कारण त्या दोन ठेवून दिलेल्याच असतात. भाऊंच्या पोटरीवर तुराटीचा वळ अजून आहे; तिसरीत पाटी हरवली म्हणून तो उठला. शाळेत अंगठे धरून उभे राहणे झाले, घरी ‘बह्याड पोट्टं’ हे नावच पडले. माराने विस्मरण जात असते तर ते त्याच वर्षी जायला हवे होते. त्याऐवजी त्यावर दुसरी जखम चढली. भाऊ चौदा वर्षांचे असताना वडिलांनी कर्जापायी आत्महत्या केली, आणि आजही दारात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की ते हातातला घास ताटात ठेवून उठतात.

इथे निदानाची खरी कसोटी लागते. आघाताने उडालेले लक्ष आणि मुळातच भिरभिरणारे लक्ष वरून सारखेच दिसते. झोप उडणे, चटकन भडकणे, समोरचे न ऐकणे दोन्हींत असते. म्हणून वडील जाण्याआधीचा मुलगा कसा होता हे आईला विचारावे लागते, कोणत्या आवाजाने, कोणत्या जागेपाशी मन पळते हे पाहावे लागते, आणि अनेकदा दोन्ही एकत्र आहेत असेच उत्तर मिळते.

अशा माणसासाठी न्यूरोडायव्हर्सिटीला, म्हणजे मेंदूच्या वेगवेगळ्या घडणीला, मान देणारा उपचार (संदेशातली ‘नवी थेरपी’) म्हणजे काय, हे संदेश लिहिणाऱ्याला माहीत नसावे. ही काही वेगळी जादूची पद्धत नाही. प्रौढांच्या एडीएचडीवर उपयोगी ठरलेली विचार-वर्तन उपचारपद्धती आणि आघातावरचे मान्यताप्राप्त उपचारच इथे वापरतात, फक्त माणसाला लाजवून सरळ करण्याचा हेतू सोडून देतात. डोळे मिटून वीस मिनिटे स्तब्ध बसा, असे मी भाऊंना सांगत नाही. चंचल मनाला ते जमत नाही, आणि ज्याने आघात सोसला आहे त्याला मिटलेल्या डोळ्यांची भीतीही वाटू शकते. आम्ही धुऱ्यावरून चालत बोलतो. ठरलेली गोष्ट ते वहीत लिहीत नाहीत, स्वतःच्या आवाजात मोबाइलवर बोलून ठेवतात. वडिलांचा विषय त्यांच्या गतीने निघतो आणि ते थांबा म्हणाले की थांबतो. कंटाळवाणे काम कोणाच्या तरी सोबतीने करायचे, हा आमचा नियम आहे. आपल्याकडे सावडीने निंदण होते तेव्हा कोणी त्याला लाड म्हणत नाही. जबाबदारी यातून सुटत नाही: कर्ज भाऊंनाच फेडायचे आहे, चूक झाली तर माफीही त्यांनीच मागायची आहे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे उत्तेजक औषध कायद्याने नियंत्रित आहे आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळते. अॅटोमोक्सेटिन हे दुसरे औषध तर उत्तेजकच नाही. भूक मंदावणे, झोप कमी होणे, रक्तदाब वाढणे यांवर लक्ष ठेवावे लागते. बालपणी अशी उत्तेजक औषधे घेतलेल्यांत पुढे व्यसन वाढल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. गोळ्या सुरू किंवा बंद करायच्या त्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने, संदेश वाचून नव्हे.

‘ही शहरातली थेरं आहेत’ असेही त्या संदेशात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. तो नैराश्यावरचा होता, एडीएचडीवरचा नव्हे; पण गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांमुळे मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मदत दारापर्यंत आली तर आपली माणसे ती घेतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

त्या आईशी मी हे सगळे बोलले. मायलेक पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आले. ‘ताई, मंग मी काय करू?’ असे तिने विचारले, तेव्हा मी म्हणाले, तो कागद लावायला बसला की नुसत्या जवळ बसा, बोलू नका. गेल्या आठवड्यात भाऊ पीककर्जाचे कागद घेऊन ओसरीवर बसले, आणि आई सरकी काढलेला कापूस मांडीवर घेऊन शेजारी वाती वळत राहिली. दोन कागद राहिले, बाकीचे लागले.