चार गुंठे, भाड्याने

आमच्या घरच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चालू आहे. पुण्याचा दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, मुळशीकडे वीस गुंठे घ्यायचं म्हणतोय. देशी गाय, चूल, परसबाग, हंगामात येईल तेच खायचं. निम्म्या लोकांनी अंगठे दिलेत. उरलेले विचारतायत, रस्ता कुठवर आहे आणि सातबाऱ्यावर नावं किती. वाईजवळच्या आमच्या गावात जन्म काढलेल्या आईने मात्र एकच व्हॉइस मेसेज टाकला: "दोन खेपा पाणी, मग शेणघाण, मग भाकऱ्या. आधी चूल कोण फुंकणार ते ठरवा, जमीन मग बघा."

त्यावर कुणी काही लिहिलं नाही. मीच आता लिहिते.

मी जर्मनीत, लाइपझिगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, तिसऱ्या मजल्यावर. तरी माझ्याकडे बाग आहे, ट्रामने तीन स्टॉपवर. तीही भाड्याची. इथे तिला श्रेबरगार्टन म्हणतात, आणि हा प्रकार याच शहरातला. 1864 मध्ये एका शाळेच्या मुख्याध्यापकाने डॉ. श्रेबर या इथल्याच डॉक्टरांच्या नावाने मंडळ काढलं, ते मुलांना खेळायला मैदान मिळावं म्हणून. मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे केले. मुलांना खुरपायचा कंटाळा आला (येणारच), मग वाफे आईबापांच्या गळ्यात पडले, आणि हळूहळू त्यांना कुंपणं आली.

आज यासाठी देशभर लागू असलेला कायदा आहे, 1983 चा. तुकडा 400 चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, म्हणजे जवळजवळ आपले चार गुंठे. त्यातली खोपटी ओसरी धरून जास्तीत जास्त 24 चौरस मीटरची, आणि कायम राहण्याजोगी नको. भाडं किती घ्यावं यालाही कायद्याची वेसण. निदान एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यातच. नुसतं गवत वाढवलं की मंडळाची चिठ्ठी येते. माझ्या एका बाजूला निवृत्त ट्रामचालक आहेत, दुसऱ्या बाजूला एक नर्स. जमिनीची मालकी आमच्यापैकी कुणाचीच नाही.

हंगाम मला इथे नव्याने कळला. शतावरीच्या कुळातले पांढरे कोंब, श्पार्गेल, एप्रिलपासून निघतात आणि 24 जूनला काढणी थांबते. झाडाला पुढच्या वर्षासाठी ताकद धरू द्यायची असते. रुबार्बचंही तसंच. त्याची पानं विषारी, दांडे मात्र इतके आंबट की मी त्यांची अंबाडीसारखी भाजी करते: कण्या, डाळ, दाणे, वरून लसणाची फोडणी. माझा नवरा नागपूरचा. त्याने पहिल्या घासाला "अंबाडी कुठे मिळाली?" विचारलं, तेव्हा मला बढती मिळाल्यागत वाटलं.

आणि घोळ! ट्रामचालक आजोबा गाजराच्या वाफ्यातून तण उपटून टाकत होते, बघते तर आपली घोळ. लालसर दांडा, गुबगुबीत पानं. आख्खी पाटीभर उचलून आणली, अर्धी डाळीत घातली, अर्धी पीठ पेरून केली. आजोबांना वाटीभर दिली. ते म्हणाले, चाळीस वर्षं मी हे कंपोस्टात टाकतोय.

पण इथल्या साधेपणाचाही फार गाजावाजा नको. मोठ्या शहरांत बागेसाठी वर्षानुवर्षं यादीत थांबावं लागतं. कुंपणाची उंची पट्टीने मोजतात. हिवाळ्यात नळ बंद करतात, आणि जानेवारीत मीसुद्धा मुकाट्याने स्पेनचे टोमॅटो आणते. भोगीच्या भाजीला ओला हरभरा, पावटा काहीच नसतं. फ्रिजरमधल्या मटारावर भागवते. आईच्या ताटात त्या दिवशी जे असतं ते माझ्या चार गुंठ्यांत कधीच येणार नाही.

दादा चुकतो ते इथे. साधं जगायचं म्हणजे आधी जमीन विकत घ्यायची, असं त्याच्या डोक्यात पक्कं आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. त्याचं नाव आजोबांच्या सातबाऱ्यावर आहे म्हणून जमतंय. त्याच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी गाव सोडूनच पुण्याला आल्या. त्यांनी कुठे परत जायचं? त्या फार्महाऊसवर चूल फुंकायला?

आपल्याकडे असं काही नव्हतंच, असंही नाही. मुंबईच्या लोकलमधून रुळांकडेचे पालक-मुळ्याचे वाफे सगळ्यांनी पाहिलेत. 'अधिक धान्य पिकवा' म्हणत रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना ती जागा कसायला दिली. जर्मन रेल्वेवाल्यांच्याही रुळांकडेला अशाच बागा आहेत. आपल्याकडे त्या भाजीचं नाव निघालं की गटाराच्या पाण्याचीच चर्चा होते, आणि ती रास्तच आहे. पण मग भांडायचं ते स्वच्छ पाण्यासाठी. महापालिकेच्या पडीक तुकड्यांवर चार नको, एकच गुंठा द्या, वर्षाच्या भाड्याने, नळासकट. मावशींना द्या, रिक्षावाल्याला द्या, दादालाही द्या. घरातल्या पुरुषांनाही खुरपं धरावं लागेल, अशी अट मी माझ्याकडून घालते.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. आईने विचारलं, तिकडे घोळीची जुडी कितीला. दादा म्हणाला, बागेचा फोटो पाठव. येत्या शनिवारी आमच्या मंडळाचं सामाईक काम आहे, सकाळी नऊपासून वाटा झाडायच्या. न आल्यास तासाप्रमाणे पैसे भरायचे. त्या नोटिशीचाच फोटो पाठवलाय. अजून उत्तर नाही.