कोंबडी सुखी असते म्हणून अंडं देते म्हणे!

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याने काल रात्री फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली मला टॅग केलं, "बघ गं, हे तुमच्याबद्दलच आहे." हाच मेसेज मला याआधी तीनदा आलाय, सोडून दिला, पण आता आत्याच पाठवायला लागली म्हटल्यावर गप्प बसवेना. मेसेजचा सार असा की कोंबड्यांसाठी रस्त्यावर निदर्शनं करणारे नाटकी आहेत, हे बेकायदेशीर आहे, कोंबडीसाठी देशात कायदाच नाही, यांना परदेशातून पैसा येतो, आणि सगळ्यात भारी म्हणजे पिंजऱ्यातली कोंबडी सुखीच असते, नाहीतर रोज अंडं दिलं असतं का?

त्या शेवटच्यापासूनच सुरू करते. आत्या, पाळी काय आपण खुशीत असलो तरच येते का? परीक्षेत येते, तापात येते, सासूशी वाजलं त्या महिन्यात पण येते. अंडं पण तसंच शरीराचं काम आहे, कोंबडा नसला तरी कोंबडी ते घालतेच. रानकोंबडी वर्षात थोडीच घालते, पिल्लं उबवण्यापुरती, आणि आपण माणसांनी पिढ्यान्पिढ्या निवडून निवडून अशी जात काढली जी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते, वरून शेडमध्ये दिवे लावून 16 तासांचा दिवस करतात कारण उजेड जास्त तर अंडी जास्त. कवचाला कॅल्शियम लागतं, खाण्यातून पुरेना तर ते तिच्या हाडांतून जातं, म्हणून लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांची हाडं पटकन मोडतात. याला सुख म्हणायचं तर म्हणा बापडे.

आणि जागा? पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला झेरॉक्सच्या ए-फोर कागदापेक्षा पण कमी जागा येते, पंख पसरता येत नाहीत. ज्यांच्या गावी खुराडं होतं त्यांना विचारा, अंडं घालायच्या आधी कोंबडी किती वेळ आडोसा शोधत फिरते, दुपारी मातीत कशी लोळते. म्हणून तर आम्ही रविवारी सकाळी कमाटीबागेच्या गेटपाशी चॉकने ए-फोरच्या मापाचे चौकोन आखणार आणि माणशी एक चौकोन, त्यात अर्धा तास उभं राहायचं. झालं आमचं नाटक.

एक गोष्ट मान्य करते, जिवावर आलं तरी. पिंजऱ्यात अंडी विष्ठेत पडत नाहीत, आणि मोकळ्या शेडमध्ये कोंबड्या एकमेकींना टोचून टोचून मारतात पण, हे खरं आहे. पण मग पिंजऱ्यातल्यांच्या पण चोची का छाटतात, ते फॉरवर्डवाल्याने सांगावं.

"कायदाच नाही." अरे आहे ना, 1960 पासून आहे! प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव, गाय-कुत्रा असं काही लिहिलेलं नाही. कलम 11 मध्ये सरळ म्हटलंय की हालचालीला पुरेशी उंची-लांबी-रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा. गंमत दंडाची आहे, पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये, म्हणजे जेमतेम एक प्लेट सेवउसळ. 2017 मध्ये विधी आयोगाने खास अंड्यांच्या आणि ब्रॉयलर (मांसासाठीच्या) कोंबड्यांवर 269 वा अहवाल दिला, नियमांचे मसुदे सुद्धा जोडून दिले. म्हणजे सरकारनेच नेमलेल्या लोकांना हा विषय नाटक वाटला नव्हता.

बेकायदेशीरचं म्हणाल तर शांतपणे, विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्ये आहे. पोलिस अटी घालू शकतात, पण रस्त्यावरच्या सभेला मनाला येईल तशी परवानगी नाकारायची मोकळीक देणारा नियम सुप्रीम कोर्टाने 1972 मध्येच रद्द केला, आणि तो खटला आपल्या गुजरातचाच होता, हिम्मतलाल शाह विरुद्ध अहमदाबादचे पोलिस कमिशनर. आम्ही अर्ज दिलाय, भोंगा नाही, रस्ता अडवणार नाही.

परदेशी पैसा: माणशी 200 रुपये वर्गणी, त्यात चॉकचा डबा आणि दोन बॅनर. पुढे.

हां, 2021 च्या नोव्हेंबरात गुजरातेत नॉनव्हेजच्या लाऱ्या (हातगाड्या) झाका, हटवा असं जे चाललं होतं त्यात कृपा करून आम्हाला ओढू नका. ऑम्लेटच्या लारीवाल्याशी आमचं भांडण नाही, तो पिंजरे बनवत नाही. आणि "पक्ष्यांचा एवढा पुळका असेल तर आधी उत्तरायणातले पतंग बंद करा" म्हणणाऱ्यांनो, मांज्याने कापलेलं कबुतर टॉवेलात गुंडाळून धावणारी माणसं याच गावात आहेत, आत्या स्वतः एकदा धावलीये. त्या दिवशी तिला कोणी नाटकी म्हटलं नाही.

पिंजरे गेले तर अंडं महागेल, हे पण खरंय, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. माझा भाऊ रोज रात्री दोन अंड्यांची भुर्जी खातो, तो पण रविवारी चौकोनात उभा राहणार आहे, पैज लावून. आत्या, गुडघे दुखत असतील तर खुर्ची घेऊन ये, पण खुर्चीचे चारही पाय कागदात मावले पाहिजेत.