स्टीलच्या बाटलीवरचा तो मेसेज: खरं किती, खोटं किती

साताऱ्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘स्टीलची बाटली बनवताना प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त प्रदूषण होतं. प्लास्टिक रिसायकल होतंच. शिवाय सीलबंद पाणी जास्त सुरक्षित. मग बाटली बाळगायचं ओझं कशाला?’ चांगली शिकलेली, डोंगर फिरणारी माणसंही तो पुढे पाठवतायत, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पटतो. लिटरभराची रिकामी पेट बाटली, म्हणजे पाण्याची नेहमीची प्लास्टिकची बाटली, जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमची. स्टीलची अडीचशे-तीनशे ग्रॅमची, त्यात क्रोमियम-निकेलच्या खाणी आणि भट्टीचं इंधन. एकीसमोर एक ठेवली तर स्टीलची बाटली हरणारच. पण पेटची पाणी संपलं की कचऱ्यात जाते आणि स्टीलची उद्या पुन्हा भरायची असते. फरक भरून निघायला किती वेळा वापरावी लागेल? अगदी शंभर वेळा धरा. रोज कॉलेजला किंवा एमआयडीसीत जाणाऱ्याचे शंभर दिवस चार महिन्यांत होतात, आणि बाटली टिकते कितीतरी वर्षं. पैशाचं म्हणाल, तर वीस रुपयांचं पाणी वीस वेळा टाळलं की चारशेची बाटली फिटली.

मेसेज खरा ठरतो तो एकाच बाबतीत. पतसंस्थेच्या सभेत एक, सत्कारात एक, स्नेहसंमेलनात एक, अशा सात-आठ बाटल्या माळ्यावर खोक्यातच पडून असतील, तर त्या नक्कीच तोट्याच्या. नवी विकत घेऊ नका, त्यातलीच एक काढून वापरा.

आता ‘रिसायकल होतंच’. भंगारवाले पेट बाटली घेतात आणि त्यांच्या कष्टांमुळेच आपल्याकडे ती बऱ्यापैकी गोळा होते, हे मान्य. पण भंगारवाला पेठांमधून फिरतो, साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटाखाली उतरत नाही. तिथे गाडीतून भिरकावलेली बाटली करवंदीच्या जाळीत अडकते, नाहीतर पावसात ओढ्याला लागते. हाच रस्ता कास पठाराला जातो. ते पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं, आणि कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवरच्या केंद्राच्या १ जुलै २०२२ च्या बंदीत स्ट्रॉ, चमचे, ताटल्या आल्या, पाण्याच्या बाटल्या नाही आल्या. म्हणजे ती न घेणं आपल्याच हातात उरतं.

सीलबंद म्हणजे सुरक्षित, असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयनेच, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेनेच, बाटलीबंद पाणी जास्त जोखमीच्या गटात टाकलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना अशा पाण्यात लिटरमागे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आढळले. महापुरात नळाचं पाणी बिघडतं तेव्हा बाटलीबंद पाणी हवंच, २०१९ मध्ये सांगलीने ते अनुभवलंय. पण रोजच्या एसटी प्रवासाला घरून भरून नेलेलं पाणी पुरतं.

‘वापरलेल्या बाटलीत जंतू होतात’ असंही कुणीतरी खाली जोडलंय. होतात, न धुतली तर. घाण साठते ती झाकणातल्या रबरी रिंगखाली. चमच्याच्या टोकाने ती रिंग काढून पाहा, काळपट बुळबुळीत थर दिसेल. आठवड्यातून एकदा रिंग वेगळी काढून साबणाने घासायची, बाटलीत ब्रश फिरवायचा आणि दोन्ही पूर्ण वाळल्यावरच झाकण लावायचं. बाटली तांब्याची असेल तर तीत फक्त पाणीच भरा, ताक किंवा लिंबू सरबत नको.