वस्तरा राइट आउटला

कोल्हापुरात फुटबॉल मॅचच्या दिवशी दाढी करायला बाहेर पडू नये. घरच्या घरी चार ठिकाणी कापून घ्यावं, वर हळद दाबावी, पण सलूनची पायरी चढू नये.

माझा नाइलाज होता. मेव्हणीचा साखरपुडा, शिवाजी पेठेत, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. आणि त्याच दिवशी चार वाजता शाहू स्टेडियमवर लीगची मॅच, मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ. ज्या गुरुजींनी ही तारीख काढली त्यांना पंचांग कळतं पण लीगचं वेळापत्रक कळत नाही, असा ठपका सासुरवाडीने त्यांच्यावर केव्हाच ठेवला होता. माझी गोची आणखी वेगळी. सासुरवाडी शिवाजी पेठेत आणि बिऱ्हाड मंगळवार पेठेत. दुसऱ्या गावात याला ‘जवळच आहे की’ म्हणतात. इथे मॅचच्या दिवशी याला फितुरी म्हणतात.

सलूनमध्ये गर्दी होती, पण गिऱ्हाईक मी एकटाच. बाकीचे चर्चेला आलेले. मामांनी टॉवेल गुंडाळला, नवं पातं मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवलं, ब्रश फिरवला, उजवा गाल साफ केला. मग हात थांबला.

“साहेब, काय वाटतंय? ड्रॉवर खेळायचं का जिंकायला?”

प्रश्न तसा रास्त होता. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक, आणि पाटाकडीलला तो एकच पुरेसा होता. जगातल्या मोठमोठ्या प्रशिक्षकांची झोप याच एका गुणाने उडवलेली आहे. जिंकायचंच असेल तर डोकं लावावं लागत नाही, सगळे पुढे पळतात. हरणार हे ठरलेलं असेल तरी लागत नाही. बरोबरी पुरेशी असली की मात्र माणूस घड्याळाकडे बघत खेळायला लागतो आणि तिथेच घात होतो.

“तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हणालो. माझा डावा गाल फेसाखाली होता.

“असं न्हाय. दाखवतोच तुम्हांस्नी.”

मामांनी आरशाखालच्या फळीवरचं सामान दोन्ही हातांनी बाजूला सारलं आणि संघ मांडायला घेतला. फटकडी गोलात. तिच्यापुढे पावडरचे दोन डबे, हे स्टॉपर. त्यांच्या दोन्ही अंगांना दोन कंगवे, हे बॅक. पाण्याच्या फवाऱ्याची बाटली सेंटर हाफला, “कारण ही समद्यास्नी पाणी पाजती.” केस कापायचं मशीन फॉरवर्ड, वायरीसकट. आणि फळीच्या उजव्या टोकाला, माझा फेस पुसून, वस्तरा.

“ह्यो राइट आउट. लई फास्ट.”

राइट आउट हा शब्द टीव्हीवर केव्हाच वारला. तिथे उजव्या कडेने पळणाऱ्या या गड्याला विंगर म्हणतात. आपल्याकडे तो अजून धडधाकट आहे आणि रोज दाढी करतो.

बाकावरच्या एका पोराने मोबाइलमधून डोकं वर काढलं. त्याच्या मते हे सगळं जुनाट होतं, आजकाल मागून पुढे चार-दोन-तीन-एक अशी मांडणी चालते. मामांनी शांतपणे विचारलं, “ह्यातला दोन म्हंजे कोण? नावं सांग.” पोराने दोन नावं सांगितली. त्यातलं एक मामांच्या चुलत भावाच्या पोराचं होतं, त्यामुळे पद्धत पटली. दुसरं बाकावरच्या बापूंच्या पुतण्याच्या जागी आलेलं होतं, त्यामुळे लगेच फिसकटली. आपल्याकडच्या डावपेचांचं हे असंच आहे. आकडे परदेशी, पण भांडण भावकीचं. त्यात मंगळवार पेठेत मैदानाशी नातं नसलेला माणूस शोधूनही सापडत नाही. आपल्या गावचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून प्रत्येक मामाला आपल्या भाच्याच्या पायात काहीतरी दिसतं.

“मामा, गाल…” मी म्हणालो.

“थांबा. वस्तरा उचलला तर उजवी बाजू मोकळी पडती.”

आता कोपऱ्यातल्या अण्णांनी घसा खाकरला. अण्णांचं वय आणि पेपर दोन्ही जुने. “ड्रॉवर खेळायचं न्हाय,” ते म्हणाले. “१९५०. वर्ल्ड कप. माराकानाचं मैदान. ब्राझीलला काय पायजे हुतं? ड्रॉ. निस्ता ड्रॉ. सेकंड हाफला पयला गोल कुणी मारला? ब्राझीलनं. आन् कप कुणी नेला?”

“उरुग्वे,” सगळं सलून एका सुरात म्हणालं. हे बहुधा दर आठवड्याला होत असावं.

“दोन-एक! दुसरा गोल घिग्जियानं मारला. कुठनं आला हुता? त्यांच्या राइट आउटच्या जाग्यावरनं!” अण्णांनी बोट वस्तऱ्याकडे रोखलं. वस्तऱ्याचा भाव एकदम वधारला. माझा डावा गाल तेवढाच लांबला.

पोरगं गप्प बसणारं नव्हतं. त्याने १९८९ काढलं. इंग्लंडच्या लीगची शेवटची मॅच, आर्सेनलला लिव्हरपूलच्या मैदानात दोन गोलांनी जिंकायचं होतं, लिव्हरपूलला एका गोलाने हरलं तरी चालणार होतं. दुसरा गोल अगदी शेवटच्या क्षणी झाला आणि लीग आर्सेनलला गेली. पोराचं म्हणणं, लिव्हरपूलने मागे पाच ठेवायला हवे होते. अण्णांचं म्हणणं, मागे बघत खेळले म्हणूनच गेले. एकच मॅच दोन्ही बाजूंनी साक्षीला उभी. मला विचाराल तर अण्णांचं खरं होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि फेस वाळून गाल ओढायला लागला होता.

“पाच बॅक लावायचे का?” बापूंनी विचारलं. मामांनी मशीन मागे घेऊन बघितलं. वायर आखूड पडली. तो विचार तिथेच रद्द झाला.

इतक्यात कुणाला तरी आठवलं. “साहेब, तुम्ही शिवाजी पेठंचं जावई न्हवं?”

सलून गार पडलं. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून झटकन फळीवर टाकला. फटकडी, डबे, बाटली, सगळा संघ झाकला गेला.

“साखरपुड्याला चाललोय, मामा. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही.”

“तसंच म्हणत्यात समदी.” मग बापू खुर्ची ओढून जवळ आले. “बरं, त्यांच्या स्टॉपरचा गुडघा कसा हाय?”

तो गुडघा माझ्या बायकोच्या आतेभावाच्या मित्राचा. त्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की गेल्या आठवड्यात तो जिन्यावरून नीट उतरत होता. हे मी सांगितलं. “उतरताना कंच्या पायावर भार देत हुता?” हा पुढचा प्रश्न. मी डावा म्हणालो, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. सगळ्यांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहिलं. पोराने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं. आणि या मोबदल्यात मामांनी टॉवेलखाली हात घालून, बाकीचा संघ दिसू न देता, फक्त वस्तरा बाहेर काढला.

साखरपुड्याला मी मुहूर्त टळून गेल्यावर पोहोचलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुरुषमंडळी पंगतीत बसली होती, पण पोळीवर कुणाचं ध्यान नव्हतं. गुरुजी मंत्रांच्या बाबतीत कमालीचे वेगवान ठरले होते. चारची मॅच त्यांनाही बघायची होती म्हणे. नवऱ्यामुलाकडचे पाहुणे पुण्याचे. तीन वाजता अख्खं घर रिकामं कसं काय होणार, हे त्यांना समजावून सांगण्याचं काम सासूबाईंकडे लागलं होतं.

आबांनी मला दंडाला धरून माजघरात नेलं. सासरा जावयाला असा बाजूला घेतो तेव्हा एकतर पैशाचं असतं नाहीतर पोरीचं. मी दोन्हीची तयारी केली.

“जावईबापू,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “तुम्ही मंगळवारातनं आलासा. खरं सांगा. त्यांनी राइट आउटला नवा परदेशी आणलाय, व्हय?”

“कोण?”

“वस्तरा म्हणत्यात त्याला. मघाशी फोन आलता. लई फास्ट हाय म्हणं.”

मी गालावरून हात फिरवला. “फास्ट काही वाटला नाही,” मी म्हणालो, “पण धार आहे.”

आबा तसेच उलट पावली बाहेर गेले, आणि त्यांनी पंगतीत बसलेल्या लेफ्ट बॅकच्या वडिलांना पानावरून उठवलं.