सांधा स्वस्त झाला, पण सदोष निघाला तर?

मेलबर्नमध्ये बसून भारतातल्या बातम्या वाचताना जाणवतं की इम्प्लांटवरची आपली सगळी चर्चा किमतीभोवती फिरते. २०१७ मध्ये सरकारने आधी स्टेंटच्या आणि मग कृत्रिम गुडघ्याच्या किमतींना चाप लावला, ते उत्तमच झालं. पण बसवलेला सांधाच सदोष निघाला, तर पेशंटने कुणाचं दार ठोठवायचं?

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीच्या 'एएसआर' नावाच्या कृत्रिम खुब्याचं प्रकरण आठवा. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात उतरायचे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंद होते. हा खुबा बसवलेल्यांना पुन्हा ऑपरेशन जास्त लागतंय, हे त्या नोंदीत दिसलं आणि २००९ च्या डिसेंबरात तो इथून मागे घेतला गेला. जगभरातून मागे घ्यायला ऑगस्ट २०१० उजाडला. इथल्या पेशंटांनी सामूहिक दावा लावला, २०१६ मध्ये २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली.

भारतात हा खुबा सुमारे ४,७०० ऑपरेशनांत वापरला गेला. कंपनीच्या हेल्पलाइनवर नोंदले गेले जेमतेम हजारभर पेशंट. महाराष्ट्राच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) पोलिसांत तक्रार केली, पण केंद्राची समिती बसली थेट २०१७ मध्ये. पुढच्या वर्षी ३० लाख ते १.२३ कोटी भरपाईचं सूत्र ठरलं, त्यावर कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख द्यायला ती तयार झाली. उरलेल्यांना शोधायचं कुठे?

इथले वकील काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. तडजोडीच्या रकमेतून त्यांची फी आधी कापली जाते, खटलेही वर्षानुवर्षं चालतात. पण 'जिंकलो तरच फी' या बोलीमुळे पेन्शनवर जगणाऱ्या आजोबांची केसही कुणीतरी हातात घेतं. भारतात फी निकालावर बांधायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. वकिलांनी पेशंटांच्या मागे धावू नये, हे मलाही पटतं. तरी सामूहिक दाव्यांपुरती, न्यायालयाच्या देखरेखीखाली, ही बंदी सैल करायला काय हरकत आहे?

कायदा नाही असंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. अडतं ते पुराव्यावर. ठाण्यात मावशीचा गुडघा बदलला, तेव्हा बिलावर नुसतं 'इम्प्लांट, १ नग' लिहिलेलं. सांधा नेमका कुठल्या खेपेतला ते सांगणाऱ्या लॉट नंबरचा स्टिकर हॉस्पिटलच्या केसपेपरवर, मागितला तेव्हा रिसेप्शनवर विचारलं, "कशाला हवाय?"

आपल्याकडेही सांधेरोपणांची नोंद ठेवणारी, सर्जनांच्या संघटनेची रजिस्ट्री आहे, पण ऐच्छिक. ती सक्तीची करा आणि तो स्टिकर डिस्चार्ज कार्डावरच चिकटवा. ग्राहक आयोगात तक्रारीला मुदत दोन वर्षांची असते. आठ वर्षांनी खुबा दुखायला लागल्यावर जुना केसपेपर कोण शोधून देणार?