साहेब, कचेरीत सगळं आलबेल आहे

पुण्यातलं पोस्टिंग टिकवायचं असेल, तर एक पथ्य पाळा: हाताखालची माणसं नाराज असतील, असा संशयसुद्धा मनात आणू नका. खरी नाराजी ओळखायला सोपी असते. तिच्या हातात फलक असतो, तोंडी घोषणा असते. १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ चाललं होतं, ती नाराजी. २० तारखेला संप मिटला, माणसं टेबलावर परतली. म्हणजे नाराजीही मिटली. मिटली नसती, तर फलक गुंडाळले असते का?

आता आस्थापनेचे भाऊसाहेबच घ्या. पूर्वी ते केबिनमध्ये येऊन हळूच सांगायचे, ‘साहेब, यावर सही नको, ऑडिटला अडकेल.’ मग एका बैठकीत तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, ‘मला नियम शिकवू नका.’ तेव्हापासून ते शिकवत नाहीत. पूर्वी टिपणीच्या शेवटी चार ओळी असत: नियम कोणता, मागे असंच प्रकरण कुठे फसलं, वित्त विभागाचा कुठला शासन निर्णय आड येतो. आता मोत्यासारख्या अक्षरात फक्त ‘आदेशार्थ सादर’. सहीला केवढी ऐसपैस जागा झाली! तेवढी सही जरा ठसठशीत करा, चौकशीत लांबूनही वाचता यायला हवी.

शिस्तही वाढली आहे. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानुसार फाइल एका टेबलावर साधारण सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. पूर्वी तातडीची फाइल तासाभरात हातोहात फिरायची, असला बेशिस्तपणा आता नाही. सातव्या दिवशी ती न चुकता पुढे सरकते. अधिवेशनाच्या तारांकित प्रश्नांसाठी रात्री आठपर्यंत थांबणाऱ्या बाईंच्या टेबलावर हल्ली सहालाच हेल्मेट येऊन बसतं आणि सव्वासहाला त्या थम्ब देऊन निघतात. पुण्याच्या माणसाला हेल्मेटची इतकी ओढ लागलेली पाहून खरं तर वाहतूक शाखेनं तुमचा सत्कार करायला हवा.

रात्री साडेदहाला ग्रुपवर सूचना टाका, मिनिटाभरात सगळ्यांचे अंगठे उठतात. तुमच्या विनोदावर हसूही वेळेत येतं, आणि वेळेत थांबतं.

तरीही शंका उरलीच, तर परिपत्रक काढा: ‘आपल्या शाखेतील असमाधानी कर्मचाऱ्यांची नावे, पदनाम व कारणांसह, विहित नमुन्यात सादर करावीत. निरंक असल्यास तसे कळवावे.’ मुदत संध्याकाळी पाचची द्या. साडेचारच्या आत झाडून सगळ्या शाखांकडून ‘निरंक’ येईल. एरवी तीन स्मरणपत्रांशिवाय माहिती न देणारी लेखा शाखा तर जेवणाच्या सुट्टीआधीच कळवून मोकळी होईल.