मुक्कामाची गाडी

आज दुपारी मैत्रिणीच्या सासूबाईंना भेटायला रुग्णालयात गेले होते आणि परत आल्यापासून हातातले एकही काम पुढे सरकलेले नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले आहे. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, त्यांना स्मृतिभ्रंश आहे आणि न्यूमोनियासाठी त्यांना दाखल केले आहे. त्यांची दोन्ही मनगटे पट्टीच्या कापडाने खाटेच्या कठड्याला बांधलेली होती. चष्मा आणि कानातले यंत्र ‘हरवेल’ म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्यांच्या ताब्यात दिलेले होते. आपण कुठे आहोत हेच ज्या बाईला कळत नाही, तिचे डोळे-कान काढून घ्यायचे, हात बांधायचे आणि वर केसपेपरवर ‘पेशंट कोऑपरेट करत नाही’ असा शेरा मारायचा! समोरच्या भिंतीवर ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’ अशी पाटी होती. ती मी मुद्दाम दोनदा वाचली.

माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. २०१९ च्या पावसाळ्यात ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. तोवर त्यांचा विसराळूपणा घरात सांभाळता येण्याजोगा होता. नातवंडांची नावे चुकत, पण स्वतःच्या हाताने जेवत, अंगणात फिरत. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री मात्र ते आम्हांला ओळखूच येईनात. सारखा हात वर करून सलाईनची नळी ओढत. दोनदा सुई निघाली आणि चादर रक्ताने भरली. तिसऱ्या वेळी ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, “हात बांधावे लागतील, इथे सही करा.” मी सही केली. वॉर्डबॉय गाठ मारत असताना बाबांचा डावा हात मीच दाबून धरला होता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

त्याच्या पुढच्या रात्री वेगळ्या सिस्टर आल्या. लातूरकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटले. त्यांनी आधी गाठी पाहिल्या, मग बाबांकडे पाहिले आणि मला विचारले, “बाबा काय काम करायचे?” मी सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, मग ते घंटी मारताहेत!”

जुन्या लाल गाडीतून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना डोक्यावरून गेलेली ती दोरी आठवत असेल. बाबांनी उभा जन्म ती ओढली होती आणि मला, त्यांच्या पोटच्या मुलीला, ते सुचले नाही! सिस्टरांनी हात सोडले, सलाईनचा स्टँड उशामागे नेला आणि नळी लांब बाहीच्या शर्टातून फिरवून नजरेआड केली. मग पडद्याच्या दांडीला पट्टीची एक लांब चिंधी बांधून तिचे टोक बाबांच्या हातात दिले. बाबांनी ते दोनदा ओढले. “डबल बेल झाली बाबा,” सिस्टर म्हणाल्या, “पण ही मुक्कामाची गाडी आहे. सकाळी सहाला सुटायची.” बाबांनी विचारले, “ड्रायव्हर जेवला का?” त्या म्हणाल्या, “जेवला.” बाबा झोपले. या साऱ्याला दहा मिनिटेही लागली नसतील.

म्हणून ‘आमच्याकडे वेळ नसतो’ हे आज ऐकले तेव्हा माझे डोके फिरले. वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री गाठी मारायला, निघालेली सुई पुन्हा टोचायला, भिजलेल्या चादरी बदलायला यांच्याकडे वेळ असतो. माणूस काय करत होता एवढे विचारायलाच तेवढा नसतो! स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाचा गोंधळ रुग्णालयात आल्यावर एकाएकी वाढला, तर डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात आणि त्यामागे लघवीचा संसर्ग, तुंबलेले पोट, वेदना, पाण्याची कमतरता, झोपमोड, एखादे नवे औषध अशी कारणे असू शकतात, हे नर्सिंगच्या पुस्तकांतही लिहिलेले असते. ‘दुखते’ हा शब्द हरवलेला माणूस कपाळाला आठ्या घालतो, कण्हतो, अंगाला हात लावू देत नाही. बाबा चौथ्या दिवशी पुन्हा अस्वस्थ झाले, तेव्हा त्याच सिस्टरांनी पोटावर हात ठेवून विचारले होते, “शौचाला कधी झाले होते?” कोणालाच सांगता येईना. झोपेच्या इंजेक्शनाची तयारी झाली होती, तिथे एनिम्याने काम भागले.

आता थोडे शांतपणे लिहिते. रात्री एकेका सिस्टरकडे तीस-तीस खाटा असतात, पगार तुटपुंजा असतो आणि डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे त्यांच्यावरच खेकसतात, हे मान्य आहे. आपण नातेवाईकही काही साधेसुधे नसतो. एका रुग्णामागे आठ जण डबे घेऊन येतो.

पण मग निदान आम्हांला थांबू तरी द्या! ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश असलेले जॉन जेरार्ड पायाच्या जखमांसाठी रुग्णालयात गेले, संसर्गाच्या साथीमुळे घरच्यांच्या भेटी बंद झाल्या आणि पाच आठवड्यांनी ते खंगलेल्या अवस्थेत घरी परतले. त्यांच्या मुलीने २०१४ मध्ये त्यांच्या नावाने मोहीम उभारली की अशा रुग्णाजवळ त्याच्या माणसाला वेळेचे बंधन नसावे. तिथे ‘धिस इज मी’ नावाचे एक पत्रकही असते. रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाने तो घाबरतो, कशाने शांत होतो, एवढेच त्यात लिहायचे. आमच्याकडून आज विम्याची नऊ पाने भरून घेतली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार आहे, आणि आपले नियोजन काय, तर सहा वाजता शिट्टी फुंकणारा वॉचमन.

बांधलेल्या अवस्थेतही सासूबाईंच्या मुठी चादरीवर दाबल्या जात होत्या, सुटत होत्या, पुन्हा दाबल्या जात होत्या. “डबे गेले का गं?” असे त्या प्रत्येकाला विचारत होत्या आणि शेजारच्या खाटेवरचे लोक हसत होते. मी मैत्रिणीकडे पाहिले. ती म्हणाली, “तीस वर्षे खानावळ चालवली ना त्यांनी.” त्या कणीक तिंबत होत्या.

मी भांडायच्या तयारीनेच काउंटरवर गेले होते. तिथली सिस्टर माझ्या मुलीपेक्षाही लहान निघाली; तिने दुपारचे जेवणही केलेले नव्हते. तिला बाबांची दोरी सांगितली आणि कणीकही सांगितली. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने सासूबाईंचा उजवा हात सोडला आणि टॉवेलची जाड घडी करून हाताखाली ठेवली. डावा हात सलाईनचा होता, तो सोडण्याआधी डॉक्टरांना विचारते म्हणाली. मैत्रिणीने चष्मा डोळ्यांवर चढवला. “डबे गेले आजी, सगळे वेळेवर गेले,” असे सिस्टरने कानाशी सांगितले, तेव्हा सासूबाईंनी तिला विचारले, “तू जेवलीस का?”

आठ वाजता ड्यूटी बदलते. निघताना पाहिले, तर तिने चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर पेनने लिहिले होते आणि तो सलाईनच्या स्टँडला डकवला होता: ‘आजींची खानावळ होती. डबे गेले म्हणून सांगणे.’